वन्सं, कडा मीच उंच केला

वन्सं,

आधी कबुली देते, कारण तुम्ही समोर असताना ती कधी जमली नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांमागं एका मंगळवारी मी देवीच्या देवळात कौल लावायला गेले होते, तो तुमच्या मालकांसाठी नव्हता. पिक्चरमधल्या मुखवटेवाल्यासाठी होता.

एकोणीस वर्षांची घोडी मी, सातवी पास, लोणावळा स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमनची लेक, अख्ख्या आळीत अक्षर वाचता येणारी एकटी सून. आणि देवीला विचारायला गेले काय, तर पडद्यावरचा माणूस मेला की जगला! देवीनं तेव्हाच कौलाचं फूल सोडून खालचा दगड माझ्या टाळक्यात घालायला हवा होता.

परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले. आज सकाळी भाकऱ्या थापल्या, पहिली टम्म फुगली आणि हात आपोआप तुमच्या ताटाकडं गेला. ताट फडताळात पालथं. भाकरीनं बोटं पोळायला लागली तरी मला समजेना, ही कुठं ठेवू. शेवटी टोपलीत टाकली आणि नातीची शाळेची वही घेऊन बसले. मधली पानं काढली आहेत.

तुम्हाला तंबू आठवतो? भातं झोडून झाली की कामशेतला पिक्चरचा तंबू लागायचा. त्या साली आपण पाच बायका गाडी जुंपून गेलो होतो. तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, जाताना बजावलं होतं, "पडद्याच्या फार म्होरं बसू नगा, घोडी अंगावर येत्यात." तुम्हाला तेव्हा माहेरी येऊन वर्ष झालं होतं. सासरी कुणी उरलं नव्हतं आणि दाजी मुंबईला. दाजी लोणावळ्यात हवा खायला येणाऱ्या मंडळींना घोड्यावर बसवून फिरवायचे. एकदा शूटिंगची कंपनी आली, त्यांनी दाजींची मांड पाहिली आणि घोड्यासकट उचलून नेलं. घरी सांगितलं, घोडी राखायचं काम आहे.

महिन्याला एक कार्ड यायचं. दाजींना लिहिता येत नव्हतं, कुणी साथीदार लिहून द्यायचा. सहीच्या जागी दाजी स्वतः घोड्याचा नाल काढायचे. वाचायची मी, मोठ्यानं, ओसरीवर. तुम्ही ऐकून घ्यायचात, मग कार्ड मागून घेऊन त्या नालावरून बोट फिरवायचात. दिवाळीनंतरच्या कार्डात होतं, "आता तेच काम पुन्हा आहे, पण जास्त उंचावरून. काळजी नसावी." हे उंचावरून काय ते कुणाला उमगेना. तेव्हा मी विदुषीनं आत्याबाईंना समजावून सांगितलं की मुंबईत जागेची टंचाई असते, तबेला माडीवर असेल.

आत्याबाई म्हणाल्या, "मंग शेण खाली कसं टाकत्यात?"

त्यालाही मी उत्तर दिलं होतं. काय दिलं, ते आता लिहवत नाही.

तर तो पिक्चर. मुखवटेवाला. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण आपण सगळ्या मुखवटेवालाच म्हणायचो. दिवसा गावातला भित्रा वैद्य, सशासारखा. संकट आलं की तोंडावर काळा मुखवटा, अंगात दहा रेड्यांचं बळ, एका हातानं भरली बैलगाडी उचलणारा. शेवटी वैरी त्याला घोड्यासकट कड्याच्या टोकाशी नेतात. मागं बंदुका, पुढं धुकं. घोडा उधळतो आणि दोघं खाली. पाण्यावर नुसता मुखवटा तरंगतो. मग पडद्यावर अक्षरं आली आणि अख्खा तंबू ओरडला, "वाचा, कुणीतरी वाचा!" मी उठून उभी राहिले आणि खणखणीत वाचलं, "मुखवटेवाला जिवंत आहे का? पाहा, दुसऱ्या भागात."

तुम्ही माझं मनगट धरलं होतं. बांगडी रुतत होती.

"इंदे, त्ये घोड्यावर बसायच्या आदी मानंवर दोन थापा मारल्या, बगितलं का?"

"मग?"

"आन् कानाशी तोंड न्हेलं. इंदे, ह्ये आमचे मालक हायेत."

मी हसले, वन्सं. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघतील इतकी हसले. "तो केवढा मोठा नट! आपल्या दाजींना कोण पडद्यावर घेतंय?" तुम्ही मनगट सोडलं. येताना गाडीत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत आणि मी एक अक्षर थांबले नाही.

पुढचा महिनाभर नदीवर धुणं कमी आणि पंचायत जास्त. तुळसामावशींचा पक्ष जगल्याचा. "करवंदीच्या जाळीत आडकला आसंल. आपली म्हस न्हाई का आडकली? तीन दिस व्हती, वर काडली तर दूध दिलं." माझा पक्ष मेल्याचा. कारण माझ्याकडं पुरावा होता! कामशेतच्या बाजारातून शेंगदाण्याची पुडी आली, तिचा कागद वर्तमानपत्राचा, त्यात त्या पिक्चरची बातमी, "दुसऱ्या भागात मुखवट्याआड नवा..." आणि पुढं कागद फाटलेला. नवा काय? नवा डाव, नवा पेच, काहीही असेल. पण मी जाहीर केलं, नवा नट. पहिल्याचं कंपनीशी बिनसलं, म्हणून त्याला कड्यावरून ढकलला. आता मुखवटा त्याचा जुळा भाऊ घालणार. हा जुळा भाऊ कुठून आला, असं सखूनं विचारलं, तर मी म्हणाले, "आईपासून लहानपणी हरवलेला." सखू त्या आईसाठी रडलीसुद्धा.

आत्याबाई दोन्ही पक्षांत नव्हत्या. त्यांचं म्हणणं, "यवड्या ताकदीचा गडी, आन् दिसभर घोड्यावर भटकतोया? येकाची तरी नांगरट करून द्यायची व्हती."

आणि तुम्ही. तुम्ही रोज माझ्या शेजारच्या दगडावर बसायचात. एकच लुगडं पिळत राहायचात आणि हळूच विचारायचात,

"दुसऱ्या भागात घोडा असंल का गं?"

"असणारच."

"आन् कडा?"

"कड्याशिवाय पिक्चर कसला, वन्सं?"

"न्हाई म्हंजी... समज, घोडा लंगडा झाला. मंग त्यो चालतच आला, सपाटीनं, बाजारातनं. आसं नसंल का लिवलं त्यांनी?"

"कोण बघायला येईल असलं?"

तुम्ही पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात बुडवायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जरा वेगळ्या तोंडानं. "तुज्या गोष्टीत कडा जरा बुटका न्हाई का करता येनार?" मला वाटायचं, वन्सं भित्र्या आहेत, म्हणून मी मुद्दाम वाढवायची. पहिल्या दिवशी कडा वडाएवढा होता. आठवड्यानं लोहगडाएवढा झाला. महिन्याअखेर मी तो ढगाच्या वर नेला आणि खाली पाण्याऐवजी कातळ घातला. बायका तोंडावर पदर धरून "अगं बाई!" म्हणायच्या, मला चेव यायचा. कार्डातलं ते "जास्त उंचावरून" तुम्हाला तंबूतच उमगलं होतं. कार्ड वाचणारी मी, आणि मलाच ते वाचता आलं नव्हतं. तुम्ही गोष्ट ऐकायला बसतच नव्हता. तुम्ही माझ्याजवळ तुमच्या नवऱ्यासाठी सपाटी मागत होता आणि मी रोज कडा उंच करत होते.

पौषात कार्ड आलं नाही. माघातही नाही. पोस्टमन रस्त्यानं सरळ निघून जायचा, तुम्ही अंगणात सूप घेऊन त्याच दाण्यांना पुन्हा पुन्हा पाखडत उभ्या.

त्यातच पैज लागली. हरेल त्या पक्षानं जिंकणाऱ्यांचं पायलीभर दळण दळायचं. पण निकाल कोण देणार? दुसरा भाग कधी येईल, देव जाणे. मी म्हणाले, देव जाणत असेल तर देवीलाच विचारू. आणि मंगळवारी एकटीच वेशीवरच्या देवळात गेले.

गुरवआबांनी देवीच्या दोन खांद्यांवर दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. म्हणाले, "नाव सांग, पोरी."

पिक्चरचं नाव काढलं असतं तर त्यांनी काठी घेतली असती. मी म्हणाले, "नाव नको आबा. घोडेस्वार आहे. कड्यावरून पडलाय. जगला का, एवढंच विचारा."

आबांचा हात थांबला. माझ्याकडं असे काही बघायला लागले की मला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी येतेय. मग त्यांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, फार लांब, फार मनापासून. डावं फूल टपकन पडलं.

मी देवळात तोंड पाडलं. पायरी उतरल्यावर गालातल्या गालात हसले. पायलीभर दळण!

पाण्याचा हंडा घेऊन दुपारी घरी आले, तर ओसरीवर बायका. डोक्यावरून पदर, कुणी कुणाशी बोलेना. पहिला विचार आला तो हा, की कोण गेलं? आतून आत्याबाईंचा टाहो ऐकू आला, "माज्या लेकीचं कपाळ फुटलं गं!" आणि हंडा माझ्या कमरेवरून निसटला.

गुरवआबा कधी तंबूत गेले नव्हते. त्यांना घोडेस्वार एकच ठाऊक होता, आपल्या घरचा जावई. त्याच्या घरची सून येते, नाव घ्यायला धजत नाही, कड्यावरून पडला म्हणते आणि कौल डावा येतो. त्यांनी जाऊन माणुसकीनं दोन घरी सांगितलं. पुढचं गावानं केलं.

तुळसामावशी तुमच्याजवळ सरकल्या. मऊ आवाजात म्हणाल्या, "चंद्रे, देवीचा कौल हाय बाई. आता ह्ये बांगड्या, कुंकू..."

तुम्ही उठलात. सूप तसंच हातात. "कार्ड येईस्तवर न्हाई. न्हाईतर मढं दारात येईस्तवर न्हाई. देवीनं त्येस्नी न्हेलं आसंल, तर देवीनंच हितं यिऊन माजं कुंकू पुसावं. मावशे, तुमी हात लावू नगा."

आणि माझ्याकडं पाहिलंत.

"अहो, ते पिक्चरचं होतं." चार शब्द, वन्सं. जिभेवर आले होते. तेवढ्यात आत्याबाईंनी मला कवटाळलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, सासूनं पहिल्यांदा जवळ घेतलं होतं. "माज्या लेकीसाठी सून देवीम्होरं गेली! सून आसावी तर अशी!" सगळ्या बायका माना डोलवायला लागल्या. मी ते चार शब्द गिळले. घशात अजून आहेत.

पण दुसरीही गोष्ट होती, ती यापेक्षा वाईट. तोवर मलाच भीती वाटायला लागली होती. मुखवट्याआड खरंच दाजी असतील तर? मग मी विचारलं होतं कुणाबद्दल? देवीनं उत्तर दिलं ते कुणाचं? मुखवट्यात नट कोण, म्हणून महिनाभर नदीवर फुशारक्या मारल्या होत्या. आता त्याच प्रश्नाला तुमचं कुंकू टांगलेलं होतं. मी मनातल्या मनात धावा करत होते, बाई गं, नटच असू दे. वन्संची नजर चुकलेली असू दे.

संध्याकाळी चुलीपाशी येऊन तुम्ही म्हणालात, "तुला तरी काळजी वाटली गं." मी चुलीत फुंकर घालत राहिले. धुराचा तेवढा उपकार. दुसऱ्या सकाळपासून पहिली भाकरी तुमच्या ताटात.

आठ दिवसांनी माझ्या वडिलांचा निरोप आला. लोणावळ्याच्या मालधक्क्यावर शूटिंगवाल्यांची घोडी उतरली होती. मी माहेरपणाचं निमित्त केलं, तुम्हाला सोबत मागितलं. आत्याबाई सुनेवर इतक्या खूश होत्या की ह्यांना विचारायचीही गरज पडली नाही. आगगाडीत मी बडबडत होते, तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. उतरताना एवढंच म्हणालात, "त्ये नसले, तर तू मला सांगू नगंस. मी बगीन."

खंडाळ्याच्या अंगाला तो कडा. दोर बांधून गर्दी अडवलेली आणि गर्दीत आपल्या नदीवरचीच पंचायत, फक्त पायजमे घालून.

"आता मरणार बघ."

"छट्, हिरो कधी मरतो काय? बाहुला टाकतात पेंढ्याचा."

"यंदा नट बदललाय म्हणे."

मुखवटेवाले दोन होते! दोघांच्या अंगात तोच काळा झगा. एकजण मुखवटा गुडघ्यावर ठेवून छत्रीखाली खुर्चीत चहा पीत होता. दुसरा लांब, मुखवटा घालून, घोड्याचा लगाम धरून. माझ्या शेजारचा माणूस ठासून सांगत होता, "खुर्चीतला नकली. खरा तो, घोड्यापाशी आहे." वन्सं, त्या मूर्खाइतकं खरं त्या दिवशी कुणी बोललं नाही.

मी नजर खाली घातली. बघायचंच नव्हतं मला. तुमचा श्वास ऐकत होते. तो एकदम थांबला.

"दोन थापा," तुम्ही म्हणालात. "आन् कानाशी तोंड."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. जिवंत आहेत! कौल खोटा! आणि त्याच क्षणी कळलं की आता ते पडणार आहेत. काम तेच होतं, जास्त उंचावरून. महिनाभर जो कडा मी शब्दांनी चढवला, तो हा, इथं, डोळ्यांपुढं. लोहगडाएवढा नव्हता, ढगांच्या वर नव्हता. अगदी खरा होता, एवढंच. कडेला वाळलेलं गवत हलत होतं आणि पलीकडं काही नव्हतं.

"वन्सं, हाक मारा," मी म्हणाले.

"हाक मारली तर मान वळंल त्येंची. घोडा बिथरंल." तुमचे ओठ पांढरे पडले होते. "तू म्हनलीवतीस नव्हं, पेंढा असतोया खाली?"

मी असं कधीच म्हणाले नव्हते. मी कातळ घातला होता. पण म्हणाले, "हो वन्सं, पेंढा असतो. पुष्कळ असतो."

शिट्टी झाली. घोडा सुटला. कडेशी येऊन त्यानं पाय रोवले आणि दाजी एकटे पुढं गेले. धूळ. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या, वन्सं! तंबूत मीही वाजवल्या होत्या.

तुम्ही दोराखालून गेलात. कुणी अडवायच्या आत कडेला. दोन पुरुष खोलीवर एक टप्पा होता तिथं पेंढ्याच्या गंज्या टाकल्या होत्या. दाजी पेंढ्यावर अर्धे आणि दगडावर अर्धे. डावा पाय भलतीकडं वळलेला. तुम्ही लुगडं खोचून त्या कातळावरून उतरलात. आपल्या गायरानात उतरतात तशा. त्यांचं डोकं मांडीवर घेतलंत आणि मुखवट्याची गाठ सोडायला लागलात. वरून कंपनीचा माणूस ओरडला, "बाई, मुखवटा काढू नका! लोक बघतायत!"

"माज्या मालकांचं तोंड मी बगतीया. लोकास्नी काय बगायचं त्ये बगूं द्या."

गाठ सुटली. कड्यावरची सगळी गर्दी वाकून बघत होती आणि महिनोन् महिने सगळ्या मावळानं ज्याची पंचायत केली त्या प्रश्नाचं उत्तर खाली पेंढ्यात पडलेलं होतं. कुणीतरी निराश होऊन म्हणालं, "अरे, हा तर आपला घोडेवाला!"

दाजींनी डोळे उघडले. तुम्हाला पाहून पहिलं काय बोलले? "घोडं ठीक हाय का?"

तुम्ही त्यांच्या गालावर एक चापट मारलीत. मग रडलात. कार्ड का नाही पाठवलं, तर लिहून देणारा साथीदार काम सोडून गेला होता. एवढंच कारण. नाल तर स्वतः काढता येत होता! नुसता नाल धाडला असता तरी तुम्ही वर्ष काढलं असतं.

दाजींना कामशेतपासून बैलगाडीत पेंढ्यावरच आणलं. पाय कायमचा ताठ राहिला, पण माणूस दारात आला, कुंकू राहिलं. गाव गुरवआबांना हसायला निघालं, तर आबा छातीठोक म्हणाले, "डावा कौल व्हता, डावा पाय मोडला. देवीनं खोटं काय सांगितलं?" आबा सुटले, देवी सुटली, त्यांच्या मागं लपून मीही सुटले.

सुटले म्हणजे काय, भाकरी वाढत राहिले. सायीचं दही आधी तुम्हाला. सणाला पहिली पुरणपोळी तुम्हाला. आत्याबाई कुरकुरायच्या, "देवाच्या आदी नणंद?" तुम्ही शांतपणानं तूप ओढून घ्यायचात. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. तुमची नजर ताटावरून उठायची, माझ्यावर क्षणभर थांबायची आणि मी उगाच टोपलीतल्या भाकऱ्या मोजायला लागायची. कळलं की काय? गुरवानं सांगितलं की काय? मग तुम्ही म्हणायचात, "मीट वाईच कमी हाय." मी मिठाची वाटी सरकवायची. पंचवीस वर्षं हे असं. लोकांना वाटायचं, नणंद-भावजयीचं केवढं प्रेम. होतं हो प्रेम. पण त्याच्या बुडाशी मी भीती पसरून ठेवली होती, दाजींच्या खाली पेंढा होता तशी, अर्धीमुर्धी.

दुसरा भाग पुढल्या साली तंबूत आला. तुम्ही आला नाहीत. दाजींचं पडणं त्यात ठेवलं की कापलं, यावर आपण किती भांडलो! तुम्ही म्हणायचात, "कापलंच असनार. मानूस खरंच पडल्याव कोन दावतंय?" मी म्हणायची, ठेवलंय, मी पाहिलंय ना. तर ही दुसरी कबुली घ्या. कडा आला तेव्हा मी डोळे मिटले होते. मीही पाहिलं नाही. दोघींनी न पाहिलेल्या गोष्टीवर आपण दर पावसाळ्यात भांडत होतो आणि दाजी मधे बसून सुतळी वळत म्हणायचे, "दोगींचं बी खरं हाय."

नातीला तुम्ही मुखवटेवाल्याची गोष्ट सांगायचात, त्यात कडाच नव्हता. मुखवटेवाला घोड्यावरून उतरायचा, मानेवर दोन थापा द्यायचा आणि सपाटीनं, बाजारातून चालत घरी यायचा. शेंगदाणे घेऊन. मी चुलीपाशी बसून ओरडायची, "कडा होता, वन्सं! गोष्टीत कडा पाहिजे!" आजारी पडायच्या आदल्या दिवशीसुद्धा आपण यावरच भांडलो. नातीनं विचारलं, "खरी गोष्ट कोणती?" तुम्ही म्हणालात, "तुज्या आजीला इचार, ती शिकल्याली हाय." मी रुसून बसले. मग तुम्हाला ताप आला.

काल ती पोर पुन्हा विचारत होती. मी सांगायला बसले. कड्यापर्यंत आले आणि पुढं जाववेना. मी मुखवटेवाल्याला घोड्यावरून उतरवलं. सपाटीनं आणलं, वन्सं. बाजारातून. पोर म्हणाली, "आजी, शेंगदाणे राहिले."

ती झोपल्यावर मी अंगणात गेले. दाजी बाजेवर बसून ताठ्या पायाला तेल चोळत होते. ते काम तुमचं, त्यांना नीट येत नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कौल, पैज, पायलीभर दळण, गिळलेले चार शब्द. म्हटलं, वन्सं गेल्या, आता निदान तुम्ही तरी मला बोला.

दाजी तेलाची वाटी खाली ठेवून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाले,

"वैनी, तिला त्याच दिशी ठावं व्हतं. कड्यावरनं पडल्याला घोडेस्वार, ह्ये पिक्चर बगितल्याबिगर तुमास्नी कसं सुचंल? म्या तिला म्हनलं व्हतं, आगं, सांगून टाक की त्या पोरीला, का उगा जीव खातीस तिचा. तर म्हनली, 'आवंदा ऱ्हाऊं द्या. भ्यालेली हाय तवर पयली भाकरी माज्या ताटात पडतीया.' दर साली म्या इचारायचो, आन् दर साली ती ह्येच म्हनायची, 'आवंदा ऱ्हाऊं द्या.'"